ब्लड कल्चर कोरं, मग न्यूमोनिया बॅक्टेरियाचा कशावरून?

धायरीचा बाबा:
मुलगी 14 महिन्यांची. गेल्या आठवड्यात पाच दिवस ॲडमिट होती. ताप, धाप, दूध तोंडाला लावेना. एक्सरेत उजवीकडे खाली पांढरा डाग. शिरेतून अँटिबायोटिक दिलं, तिसऱ्या दिवशी खेळायला लागली. डिस्चार्ज पेपरवर 'बॅक्टेरियल न्यूमोनिया', रक्तातला जंतू बाटलीत वाढवून बघतात त्या कल्चरच्या रिपोर्टवर 'वाढ नाही'. मी अकाउंट्सचा माणूस. दोन कागद जुळले नाहीत की झोप लागत नाही. विचारलं तर "बरी झाली ना?" एवढंच उत्तर. झाली हो. पण जंतू होता की नव्हता?

कल्चरवाली मावशी:
मायक्रोबायोलॉजी लॅबमध्ये 31 वर्षं काढली, आता कोथरूडला घरी बसून नातवंडं सांभाळते. तुमच्यासारखे आईबाप लॅबच्या खिडकीशी रोज यायचे.

'वाढ नाही' म्हणजे 'जंतू नाही' नव्हे. फुप्फुसातला जंतू रक्तात उतरतोच असं नाही. त्यातून एवढ्याशा बाळाचं रक्त येतं किती, एक-दोन मिली! आणि आधी घरी कुणी अँटिबायोटिकचं सिरप पाजलं असेल, तर न्यूमोकोकस, म्हणजे न्यूमोनियाचा एक नेहमीचा बॅक्टेरिया, बाटलीत उगवायचं नाव घेत नाही. न्यूमोनियाने ॲडमिट झालेल्या मुलांच्या शंभर बाटल्यांत जंतू सापडायचा तो हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्यांत. बेडका तपासावा, तर ही मुलं थुंकत नाहीत, गिळतात. घशाचा स्वॅब घ्यावा, तर न्यूमोकोकस धडधाकट पोरांच्याही नाकाघशात मुक्कामाला असतो. म्हणून डॉक्टर एक्सरे, ताप, श्वास बघून अंदाज बांधतात. तो अंदाजच तुमच्या कागदावर आलाय.

रात्रपाळी:
बालरोगात एमडी करतोय. मावशींचं खरं, पण अंदाज चुकतोही. बांगलादेश, थायलंड आणि पाच आफ्रिकी देशांत ॲडमिट झालेल्या मुलांचा मोठा अभ्यास 2019 मध्ये छापून आला. एक्सरेत न्यूमोनिया दिसलेल्या मुलांत साधारण 61 टक्के व्हायरस, 27 टक्के बॅक्टेरिया. आरएसव्ही हा श्वसनाचा एकटा व्हायरसच 31 टक्के. त्या देशांपैकी बहुतेक ठिकाणी हिब (हाही न्यूमोनियाचा एक बॅक्टेरिया) आणि न्यूमोकोकसच्या लशी सुरू होत्या, हेही त्यात धरायचं. तुमच्या मुलीचा व्हायरसचाही असू शकेल आणि अँटिबायोटिक नसतं तरी ती खेळायला लागली असती. पण धाप लागलेल्या बाळावर हा प्रयोग कुणी करत नाही. मीही करणार नाही.

पुढच्या वेळी मोबाईल बाजूला ठेवून पूर्ण मिनिटभर श्वास मोजा. वर्षापुढे 40 किंवा जास्त झाले की निघायचं.

सोपानबागेची आजी:
ओव्याची पुरचुंडी शेकायची. आमची चार अशीच वाढली.

कल्चरवाली मावशी:
आजी, शेका, पण रिक्षा बोलावून मग. बाबा, लसीच्या कार्डावर पीसीव्ही, म्हणजे न्यूमोकोकसची लस, बघा. दीड महिना, साडेतीन महिने, नऊ महिने. 2021 पासून देशभर सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. दहा प्रकारच्या न्यूमोकोकसवरची एक तर आपल्या हडपसरच्या सीरममध्येच बनते. हिबची लस पाच रोगांवरच्या पेंटाव्हॅलंटमध्ये येते.

धायरीचा बाबा:
सिरप दिलं होतं. मेडिकलवाल्याने दिलेलं, दोन दिवस. कार्ड काढलं. पीसीव्हीच्या तीनपैकी दोन शिक्के. नवव्या महिन्यात आम्ही गावी होतो, लग्न होतं. उद्या हाफ डे टाकून कार्ड घेऊन दवाखान्यात जातोय.