अनुभव धागा: ग्रँड कॅन्यनच्या तळाशी, थेट कोलोरॅडो नदीपर्यंत

वरून फोटो काढून परतणारे खूप आहेत, हा धागा खाली उतरलेल्यांसाठी. कुठल्या ट्रेलने गेलात, पाणी कुठे मिळालं, काय बघितलंत, सगळं लिहा.

सुरुवात मी करते. आम्ही साउथ कायबॅबने उतरलो नि ब्राइट एंजलने वर आलो, कारण कायबॅबवर पाणी कुठेच नाही आणि सावली नावालाच, ती वाट उतरायलाच बरी. सह्याद्रीत आधी चढतो मग उतार मिळतो, इथे सगळं उलटं, दमल्यावर शेवटी 1300 मीटरची चढण! निघण्याआधी वाटेवरचे नळ चालू आहेत का ते पार्कच्या साइटवर बघाच. तळाशी मुक्काम करायचा तर परमिट किंवा बुकिंग खूप आधी लागतं.

---

उन्हाळ्यात जाणाऱ्यांना कळकळीने सांगतोय, खाली पारा सहज 40 च्या वर जातो आणि नुसतं पाणी पीत राहिलं की रक्तातलं सोडियम उतरतं, मळमळतं, डोकं दुखतं आणि माणसाला वाटतं की अजून पाणी हवंय. आम्ही खारे शेंगदाणे, चिवडा, लोणचं सतत खात होतो, 10 ते 4 चालणं पूर्ण बंद, शर्ट ओढ्यात भिजवून सावलीत बसून राहिलो.

---

आम्ही लीज फेरीहून, म्हणजे राफ्ट जिथून नदीत सोडतात तिथून, राफ्टने गेलो. त्याच्या वरच्या अंगाला नदीवर ग्लेन कॅन्यन धरण आहे, 1963 पासून पाणी अडवलंय, खोलातून सोडतात म्हणून नदी भर उन्हातही गारठवणारी. विजेच्या मागणीप्रमाणे पाणी कमीजास्त सोडतात, त्यामुळे रात्री होड्या बांधताना गाईड आधी पातळी चढणार की उतरणार याचा हिशोब करायचे, नाहीतर सकाळी होडी वाळूत. जॉन वेस्ली पॉवेल हा अमेरिकन शोधप्रवासी 1869 मध्ये लाकडी होड्यांतून इथून गेला, पुढे काय आहे याचा नकाशाच नव्हता, ते आठवून प्रत्येक रॅपिडला छाती दडपायची.

---

तळाच्या काळ्या विष्णू शिस्टला हात लावला आणि खरंच भरून आलं. साधारण 170 कोटी वर्षांचा खडक! आपला दख्खनचा बेसाल्ट साडेसहा कोटींचा, म्हणजे अगदी कालचा.

---

जुलै-ऑगस्टमध्ये जाणार असाल तर बाजूच्या अरुंद घळींत शिरताना दहादा विचार करा. पाऊस लांब कुठेतरी पडतो आणि डोक्यावर निळं आभाळ असताना चिखल-दगडांचा लोंढा येतो. आमच्या गाईडने ढग बघून एक घळ रद्द केली, तेव्हा सगळे हिरमुसलो, पण दुपारी तिच्याच तोंडातून लालभडक पाणी नदीत कोसळताना बघितलं.