‘ड्रॅगन्स लेअर’: आर्केडमधला चित्रपट घरच्या कन्सोलवर येताना नेमके काय हरवले?

जुनी_कार्ट्रिज

सप्रेम नमस्कार. १९८३ साली अमेरिकेतील आर्केडमध्ये, म्हणजे नाणे टाकून खेळायच्या यंत्रांच्या दालनांत, आलेल्या ‘ड्रॅगन्स लेअर’ या खेळाचे संपूर्ण चित्रण मी नुकतेच पाहिले. डिस्नेची नोकरी १९७९ मध्ये सोडून स्वतंत्र झालेल्या डॉन ब्लूथ यांच्या चमूने त्यासाठी हाताने काढलेली सुमारे २२ मिनिटांची चित्रे आजही तजेलदार वाटतात. डर्क नावाचा शूर पण धांदरट सरदार ड्रॅगनच्या किल्ल्यात शिरतो आणि राजकन्या डॅफ्नीला सोडवतो, एवढीच गोष्ट. पण ती पाहताना आपण खेळ नव्हे तर चित्रपट पाहत आहोत असे वाटत राहते.

त्याच उत्साहात निन्टेन्डोच्या एनईएस कन्सोलसाठी (टीव्हीला जोडून घरी खेळायचे यंत्र) १९९० मध्ये आलेली आवृत्ती खेळायला घेतली आणि किल्ल्याच्या पहिल्या पुलावरच अर्धा तास मरत राहिलो. तेथे सरदार आहे, पूल आहे, खंदकातला राक्षसही आहे. मात्र मूळ खेळाशी नात्याची खूण म्हणावी असे दुसरे काही दिसले नाही. हे केवळ नावाचे भांडवल करणे होते, की यंत्रच अपुरे होते? आणि घरच्या आवृत्त्यांपैकी रूपांतर म्हणावे अशी एखादी आहे का?

चौकट_क्रमांक

यंत्र अपुरे होते हे खरेच, परंतु मूळ आर्केडमधला संगणकही काही बलाढ्य नव्हता. त्यात साधा झेड-८० प्रोसेसर होता आणि तो चित्रे काढतच नव्हता. चित्रे होती लेझरडिस्कवर, म्हणजे लेझरने वाचल्या जाणाऱ्या चित्रपटाच्या तबकडीवर. या प्रकारच्या तबकडीच्या एका बाजूस ३० मिनिटांचे, म्हणजे ५४,००० चौकटींचे चित्रण मावते, प्रत्येक चौकटीला स्वतःचा क्रमांक असतो आणि प्लेअरला तो क्रमांक सांगितला की लेझर थेट तेथे उडी घेतो. संगणकाकडे असे एक कोष्टक होते की अमुक चौकटीपासून तमुक चौकटीपर्यंत जॉयस्टिक उजवीकडे वळली तर पुढचा प्रसंग दाखवायचा, आणि वळली नाही, चुकीची वळली किंवा तलवारीचे बटण अवेळी दाबले गेले तर मरणाचा प्रसंग दाखवायचा. रिक डायर यांची मूळ कल्पना म्हणजे एवढेच, आणि सिनेमॅट्रॉनिक्स या कंपनीने ती यंत्राच्या पेटीत बसवली.

थोडे विषयांतर करतो, पण पूर्णपणे नाही: हे प्लेअर चित्रपट सुरुवातीपासून शेवटपर्यंत शांतपणे दाखवण्यासाठी बनलेले होते, आणि आर्केडमध्ये त्यांना दिवसभर माकडउड्या माराव्या लागत, त्यामुळे ते वारंवार बिघडत. उडी चालू असताना पडदा क्षणभर काळा पडे, तोही खेळाचाच भाग मानला जाई.

एनईएसकडे लेझरडिस्क नव्हती. होती ती कार्ट्रिजमधील, म्हणजे कन्सोलमध्ये खोचायच्या खेळाच्या डबीतील, मोजकी स्मृती आणि छोट्या चौकोनी ठशांपासून पार्श्वभूमी उभी करणारे चित्रण. त्यामुळे चित्रपट ठेवणे शक्यच नव्हते.

सरळ_मत

चित्रपट ठेवणे अशक्य होते, हे मान्य. त्यावरून आवृत्ती वाईटच व्हायला हवी होती, हे मात्र मान्य नाही.

मूळ खेळात मरण हे बक्षीस होते. डर्क खड्ड्यात पडतो, भाजतो, सांगाडा होऊन कोसळतो, आणि प्रत्येक वेळी ब्लूथ यांच्या चित्रकारांनी दोन-तीन सेकंदांची गंमत आपल्या पदरात टाकलेली असते. बहुतेक आर्केड खेळ २५ सेंटला मिळत असताना येथे ५० सेंट मोजलेल्या माणसालाही त्यामुळे फारसे फसवल्यासारखे वाटत नसे. एनईएसवर बाजूला सरकत जाणारा उड्यांचा खेळ करताना कर्त्यांनी मूळची शिक्षा तेवढी ठेवली आणि गंमत काढून टाकली. शिवाय डर्कची चाल इतकी जड आहे की संकट दिसल्यावर हात हलवूनही उपयोग होत नाही. याचे खापर यंत्रावर फोडता येणार नाही. त्याच यंत्रावर उत्तम उड्यांचे खेळ झालेले आहेत.

त्यांच्या बाजूने एकच गोष्ट सांगता येईल. घरी प्रत्येक प्रयत्नाला नाणे टाकावे लागत नाही, आणि योग्य हालचाली पाठ झाल्या की मूळ खेळ काही मिनिटांतच संपतो. कार्ट्रिजची पूर्ण किंमत मोजणाऱ्याला काहीतरी लांबलचक द्यायला हवे, असे त्यांना वाटले असावे.

सहा_फ्लॉप्या

रूपांतर म्हणण्यासारखी आवृत्ती कोणती, या प्रश्नाला माझे उत्तर अमिगा संगणकावरची, १९८९च्या सुमारास रेडीसॉफ्टने काढलेली. ती सहा फ्लॉप्यांवर येत असे. एका फ्लॉपीवर ८८० किलोबाइट, म्हणजे सहांवर मिळून ५,२८० किलोबाइट. ती २२ मिनिटांत वाटली तर सेकंदाला बरोबर चार किलोबाइट वाट्याला येतात. आणि अमिगावर ३२ रंगांतले, ३२० गुणिले २०० ठिपक्यांचे एकच पूर्ण चित्र सुमारे ४० किलोबाइट खाते. अर्थात सगळा चित्रपट आत आलाच नाही. कित्येक प्रसंग गाळले गेले, त्यांपैकी बरेचसे ‘एस्केप फ्रॉम सिंजेस कॅसल’ या नावाने पुढे वेगळे विकले गेले, आणि फ्लॉप्या बदलता बदलता हात दुखत. तरीही जे होते ते ब्लूथ यांचेच चित्र होते आणि हालचालीची वेळही मूळचीच होती.

त्याआधी १९८६ मध्ये कमोडोर ६४ आणि झेडएक्स स्पेक्ट्रम या घरगुती संगणकांवर आलेल्या आवृत्तीने तिसरा मार्ग धरला होता: एकेका प्रसंगाचा एकेक स्वतंत्र छोटा खेळ. मला तो पटला नाही, पण निदान प्रसंग ओळखू येत होते.

सेगा सीडी या तबकडीवर चालणाऱ्या कन्सोल-जोडणीवर पुढे चित्रपट खरोखर आला, पण एका वेळी ६४ रंगांचीच मर्यादा असल्याने चित्रे वाळू चाळल्यासारखी दिसतात.

जुनी_कार्ट्रिज

सर्वांचे आभार. मरण हे बक्षीस होते हा मुद्दा वाचल्यावर पुलावरचा माझा अर्धा तास नेमका कशामुळे कंटाळवाणा झाला ते कळले. दरम्यान २००१ मध्ये डिजिटल इक्लिप्सने गेम बॉय कलरसाठी केलेली आवृत्ती सापडली. मुठीत मावणाऱ्या त्या यंत्रावर त्यांनी मूळ प्रसंग त्याच क्रमाच्या हालचालींसह पुन्हा चितारले आहेत. डर्क तेथे चार-पाच मिलिमीटरचा आहे, पण सांगाडा होऊन कोसळतो तेव्हा हसू येतेच. चौकट_क्रमांक यांना एक विनंती: आर्केडमध्ये काही प्रसंग डावे-उजवे उलटवून पुन्हा दाखवले जात, त्यासाठी तबकडीवर दोन्ही प्रती होत्या का, हे सवडीने सांगावे.

चौकट_क्रमांक

होय, उलटे प्रसंगही तबकडीवरच होते. चित्र उलटवण्याचे काम त्या झेड-८०च्या आवाक्यातले नव्हते. कोष्टकात मात्र त्यांच्यासाठी डावे-उजवे वेगळे लिहावे लागे.