पोस्टग्रेसचा कंटेनर पुन्हा उभा केला आणि सगळा डेटा गायब. काय करू?

ग्रंथमित्र: नमस्कार. आमच्या गावच्या वाचनालयाची देवघेव मी लिहिलेल्या छोट्या प्रणालीवर चालते. डॉकर कंपोज (प्रोग्राम कंटेनर नावाच्या वेगवेगळ्या डब्यांत चालवणारं साधन), त्यात पोस्टग्रेस १६ हा डेटाबेस. काल रात्री एक सेटिंग बदललं, 'डाउन' करून कंटेनर काढला, मग 'अप'ने पुन्हा उभा केला. सकाळी ग्रंथपालबाईंचा फोन, एकही सभासद दिसत नाही! व्हॉल्यूम (कंटेनर गेला तरी डेटा टिकवणारी जागा) तर दिलेला आहे, कंटेनरमधल्या 'व्हार/लिब/पोस्टग्रेसक्यूएल' फोल्डरवर माउंट केलाय, म्हणजे जोडलाय. बाईंनी आठ महिने बसून जुन्या रजिस्टरांवरून नोंदी चढवल्यात. त्यांना काय तोंड दाखवू? आणि पुढे डेटा ठेवावा कसा?

दगडीवाडा: आधी कशालाही हात लावू नका. न वापरातले व्हॉल्यूम पुसणारं 'व्हॉल्यूम प्रून' तर मुळीच नको. डेटा बहुतेक शाबूत आहे.

घोळ माउंटच्या जागेत आहे. पोस्टग्रेसच्या १७ पर्यंतच्या अधिकृत इमेजमध्ये (कंटेनर ज्यावरून बनतो तो साचा) डेटा तुम्ही माउंट केलेल्या फोल्डरच्या आतल्या 'डेटा' फोल्डरमध्ये जातो, आणि त्या फोल्डरसाठी इमेज स्वतःच एक निनावी व्हॉल्यूम करून घेते. तुमचा नाव दिलेला व्हॉल्यूम इतके दिवस रिकामाच होता. 'डाउन' केल्यावर निनावी व्हॉल्यूम मागे राहिला, 'अप'ने मात्र नवा कोरा जोडला.

'डॉकर व्हॉल्यूम एलएस' करून व्हॉल्यूमची यादी बघा. ६४ अक्षरांची लांबलचक नावं दिसतील. 'इन्स्पेक्ट'ने तारखा बघा, जुन्या तारखेचा तो तुमचा. कंटेनर थांबवा, त्याची प्रत नव्या, नाव दिलेल्या व्हॉल्यूममध्ये घ्या आणि तो थेट 'डेटा'वर माउंट करा. मूळ तसाच राहू द्या. डॉकर २३ पासून साधं प्रून नेमके निनावी व्हॉल्यूमच उडवतं, म्हणून जीव तोडून सांगतोय.

पोस्टग्रेस १८ मध्ये जागा बदलली आहे, तिथे 'डेटा'च्या वरच्या, म्हणजे तुम्ही दिलेल्याच फोल्डरवर माउंट करायचं.

रात्रपाळी: मी होस्टवरचं, म्हणजे मूळ मशिनवरचं फोल्डरच माउंट करतो, डोळ्यांसमोर राहतं. पण फोल्डरची मालकी सांभाळा. डेबियन लिनक्सवाल्या इमेजमध्ये पोस्टग्रेसचा युजर क्रमांक ९९९, अल्पाइन लिनक्सवाल्या इमेजमध्ये ७०. इमेज बदलली की परवानगीची बोंब.

दगडीवाडा: म्हणूनच डेटाबेसला नाव दिलेला व्हॉल्यूम बरा. आणि व्हॉल्यूम म्हणजे बॅकअप नव्हे. 'डाउन'ला 'मायनस व्ही' लावलंत तर नाव दिलेलाही जातो. चालू डेटाबेसचं फोल्डर नुसतं कॉपी करून भागत नाही, रोज रात्री 'पीजी डंप' (डेटाबेसची फाइलीतली प्रत) काढून दुसऱ्या मशिनवर ठेवा. महिन्यातून एकदा तो रिकाम्या कंटेनरमध्ये चढवून बघा.

ग्रंथमित्र: सापडलं! असे दोन व्हॉल्यूम होते. जुन्यातली शेवटची देवघेव काल संध्याकाळी ६:४०ची, सगळे सभासद जागच्या जागी. बाईंना फोन केला, त्या बराच वेळ काही बोलल्याच नाहीत. डंपची क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) आत्ताच लावली, प्रत त्यांच्या घरच्या संगणकावर जाते. मनापासून आभार.