सीएलएच्या कॅप्सूल: चरबी खरोखर घटली की नाही, हे ओळखावे कसे?

नमस्कार.

गेले नऊ आठवडे मी सीएलएच्या, म्हणजे कॉन्जुगेटेड लिनोलिक आम्ल या मेदाम्लाच्या, चरबी घटावी म्हणून कॅप्सूल घेत आहे. त्या चालू ठेवाव्यात की बंद कराव्यात, याबद्दल जाणकारांचा सल्ला हवा आहे. माझे वय ४४ आणि वजन ८२ किलो असून, आहार व रोजचे पाऊण तासाचे चालणे यांत या काळात मी मुद्दामच काही बदललेले नाही.

डबीवर ठळक अक्षरांत १००० मिलिग्रॅम असे छापले आहे. मागच्या बारीक मजकुरात मात्र हा आकडा करडईच्या तेलापासून केलेल्या मिश्रणाचा असून त्यात सीएलए ८० टक्केच असल्याचे आढळले. म्हणजे तीन कॅप्सूलमधून मला दिवसाला २.४ ग्रॅम मिळतात. (हे कळायला पाचवा आठवडा उजाडला, तोवर चष्मा लावून डबी वाचलीच नव्हती.)

१९९७ साली उंदरांवर झालेल्या प्रयोगात, खाद्यात अवघा अर्धा टक्का सीएलए मिसळल्यावर शरीरातील चरबी निम्म्याहून अधिक घटली होती, आणि खरे सांगायचे तर मी त्यालाच भुललो. माणसांवरील १८ चाचण्यांच्या २००७ मधील एकत्रित विश्लेषणात मात्र दिवसाला ३.२ ग्रॅम मात्रेने, प्लासिबो (सीएलए नसलेली, पण तशीच दिसणारी कॅप्सूल) घेणाऱ्यांच्या तुलनेत, आठवड्याला सुमारे ९० ग्रॅम चरबी कमी झालेली दिसते. तोच वेग मला लागू पडला असे मानले, तरी नऊ आठवड्यांत ८०० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे माझ्या वजनाच्या एक टक्का एवढाच फरक पडणार. इकडे घरचा वजनकाटा, जो तळपायांतून सौम्य विद्युतप्रवाह सोडून चरबीचा अंदाज बांधतो, तो एकाच दिवशी सकाळी २८.१ आणि रात्री २६.४ टक्के दाखवतो. शरीरातील पाणी कमीजास्त झाले की त्याचा आकडा हलतो. अशा काट्यावर एक टक्का शोधायचा कसा?

दुसरी शंका अधिक गंभीर आहे. या मिश्रणात सीएलएचे दोन समघटक (अणू तेच, पण रचना वेगळी असलेली रूपे) जवळपास निम्मे-निम्मे असतात. त्यांपैकी ट्रान्स-१०, सिस-१२ हा चरबी घटवणारा मानला जातो; पण २००२ सालच्या स्वीडनमधील अभ्यासात नेमक्या त्यानेच स्थूल पुरुषांत इन्सुलिनला होणारा प्रतिरोध वाढवला होता, म्हणजे साखर आटोक्यात ठेवणाऱ्या इन्सुलिनला शरीर कमी दाद देऊ लागले होते. माझी उपाशीपोटीची साखर कॅप्सूल सुरू करण्यापूर्वीच १०८ होती, आणि त्यानंतर ती तपासलेली नाही.

डॉक्टरांची वेळ पुढच्या आठवड्याची मिळाली आहे. तोवर कॅप्सूल थांबवणे बरे का, आणि साखर, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारी चाचणी) व यकृताच्या तपासण्या आताच करून अहवाल सोबत न्यावेत का? तसेच आधीचे मोजमाप हाताशी नसताना आता डेक्सा स्कॅन (क्ष-किरणांनी शरीरातील चरबी मोजणारी तपासणी) करून काही निष्पन्न होईल, की कमरेचा घेर टेपने मोजत राहणेच अधिक उपयोगी ठरेल? ज्यांनी हे पूरक सहा महिने किंवा अधिक काळ घेतले आहे, त्यांनी मात्रा आणि मोजण्याची पद्धत या दोन्ही गोष्टी कृपया आवर्जून लिहाव्यात.