टेकडीवरची डबकी बुजवून बारमाही तळं नको

टेकडीकर:
पुण्यातल्या आमच्या टेकडीवर पावसाळी डबक्यांच्या जागी सिमेंटचं तळं बांधायची मागणी होतेय. कारण काय, तर 'बेडकांनाही बारमाही पाणी मिळेल'. माझा ठाम विरोध आहे. जूनच्या पहिल्या दणक्याच्या पावसात बुलफ्रॉग या मोठ्या बेडकाचे नर पिवळेधमक होतात, गळ्याच्या निळ्या पिशव्या फुगवून रात्रभर ओरडतात आणि अंडी पडतात ती नव्यानं साचलेल्या उथळ पाण्यात. उन्हाळ्यात आटणाऱ्या डबक्यात मासे तग धरत नाहीत, हीच त्याची ताकद. बारमाही पाण्यात डास कमी करायला कुणीतरी गंबुसिया (डासांच्या अळ्या खाणारे छोटे मासे) सोडतंच. ते अंडी आणि कोवळे टॅडपोल (बेडकांची शेपटीवाली पिल्लं) फस्त करतात.

शिरूरकर:
पटलं नाही. पुण्यात वर्षाला ७०० मिमीच्या आसपास तरी पडतो. आमच्या पूर्व भागात त्याहून बराच कमी, तोही खंड देऊन. बेडूक ओरडतात, अंडी घालतात आणि मग आभाळ कोरडं. टॅडपोलचा बेडूक व्हायला साधारण महिना लागतो. त्याआधी डबकं आटलं की सगळी पिढी चिखलात वाळते, दरवर्षी बघतो मी. मासे सोडू नका म्हणा, तळ्यालाच विरोध कशाला?

मुळाकाठ:
खंड बेडकांना नवा नाही. पाणी आटायला लागलं की अनेक जातींचे टॅडपोल वाढ आवरती घेऊन लवकर बाहेर पडतात. अमेरिकेतल्या सोनोरन वाळवंटातला कूच स्पेडफूट या बेडकाचा टॅडपोल तर ८-१० दिवसांत बेडूक होतो.

शिरूरकर:
तो वाळवंटातला, आपला बुलफ्रॉग नव्हे. आणि घाईनं बाहेर पडलेलं पिल्लू अंगानं लहान राहतं, त्याची जगायची शक्यता कमी.

टेकडीकर:
हे मान्य. मग दोन-चार डबकी थोडी खोल करू, बाकीची तशीच ठेवू. पण नुसत्या पाण्याकडे बघून चालणार नाही. बिळं करणारे बेडूक मागच्या पायांनी माती उकरून कोरडे महिने जमिनीखाली काढतात. तळ्याभोवती पेव्हर ब्लॉक बसवले तर ते जाणार कुठे? त्या जागेवर मोकळा मुरूम आणि गवतच हवं.

शिरूरकर:
मुरमाचं बरोबर. त्यात कडांचंही लिहा. आमच्याकडच्या शेततळ्यांचा प्लास्टिक कागद इतका गुळगुळीत आणि उभा असतो, की पडलेला बेडूक वर येत नाही. मी एका बाजूला जाड दोर आणि गोणपाट सोडलंय, त्यावरून चढतात. तुमचं तळं झालंच, तर निदान एक काठ दगडमातीच्या उताराचा मागून घ्या.