‘प्रीपोन’खाली लाल रेघ

बोरू_आणि_शाई:
भाची नोकरीसाठी इंग्रजीत ईमेल लिहीत होती. ‘मुलाखत प्रीपोन करता येईल का?’ म्हणजे ठरल्यापेक्षा आधी घेता येईल का. संगणकाने ‘प्रीपोन’खाली लाल रेघ मारली आणि तिने शब्द मुकाट्याने खोडला. मला ते लागलं. हा शब्द आपल्याकडची चूक म्हणून हिणवला जातो, पण १९१३ मध्येच न्यूयॉर्क टाइम्सच्या एका वाचकाने ‘पोस्टपोन’ला जोड हवी म्हणून तो पत्रातून सुचवला होता. आज ऑक्सफर्डच्या कोशात त्याची नोंद आहे. लाल रेघेचा अर्थ एवढाच, की यंत्राजवळच्या यादीत तो शब्द नाही.

मुद्रितशोधक:
कोशात असणं वेगळं आणि वाचणाऱ्याला कळणं वेगळं. लंडनचा माणूस ‘प्रीपोन’वर अडखळेल. कोशात तर ‘रिगार्डलेस’च्याच (पर्वा न करता) अर्थाचा ‘इररिगार्डलेस’ही आहे, मेरियम-वेबस्टर या अमेरिकी कोशाने ‘प्रमाण नाही’ अशी खूण करून घेतलाय. तो अर्जात लिहायचा का?

बोरू_आणि_शाई:
ईमेल पुण्यातल्याच ऑफिसात जाणार होती, ताई! आणि ही तुलना मला मान्य नाही. ‘रिगार्डलेस’ असताना त्याच्याआधी ‘इर’ हा आणखी एक नकार जोडायची गरज नव्हती. ‘प्रीपोन’ने मात्र रिकामी जागा भरली.

तिसरा_बाक:
यंत्राला तुम्ही दोघंही फार मान देताय. ‘फ्रॉम’ऐवजी ‘फॉर्म’ टंकलं तर साधा स्पेलचेकर गप्प बसतो, कारण दोन्ही शब्द यादीत आहेत. उलट ‘कोऑपरेशन’ यादीत फक्त जोडरेघेसह होता, म्हणून बिनरेघेच्या रूपाला यंत्राने ‘कूपर्टिनो’ सुचवलं. ॲपल कंपनीचं गाव! ते युरोपीय संघाच्या कागदपत्रांतही घुसलं. ‘ऑर्गनाइज’चंही तसंच. त्यात झेड दिसला की लोक ‘अमेरिकन’ म्हणून खोडतात, पण ऑक्सफर्डचा कोश झेडवालंच रूप आधी देतो.

मुद्रितशोधक:
‘कूपर्टिनो’ तर माझ्याच बाजूचं उदाहरण आहे. यंत्राने सुचवलं, पण माणसाने न वाचता पुढे जाऊ दिलं. रेघ दिसली की थांबावं, कोश उघडावा, मग ठरवावं. रेघच नको असं म्हणाल तर माझा विरोध आहे; रोज डझनभर खऱ्या चुका मला तीच दाखवते. भाचीने कोश उघडला होता का?

बोरू_आणि_शाई:
नाही उघडला. रेघ असू द्या, पण ती दिसली की पोरं स्वतःवर संशय घेतात, यादीवर कधीच नाही. आज संध्याकाळी तिला कोशातली नोंद दाखवतो. ‘प्रीपोन’ ठेवायचा की तुमचा लंडनवाला आठवून बदलायचा, ते तिचं ती ठरवेल.