मदत हवी आहे: फरशी कापणाऱ्या भावाला सिलिकोसिस (दगडाच्या धुळीने होणारा फुफ्फुसाचा आजार)

नमस्कार मंडळी. माझा मावसभाऊ 12 वर्षं पुण्यात फरशी बसवतोय. ग्रॅनाइट ग्राइंडरने कोरडंच कापायचं, तोंडाला नुसता रुमाल. दगडातल्या सिलिकाची बारीक धूळ रुमालाला कसली जुमानते! आता एक जिना चढला तरी धाप लागते. आधी 6 महिने टीबीच्या गोळ्या खाल्ल्या, फरक शून्य (थुंकीत जंतू सापडलेच नव्हते). आता नवे डॉक्टर सिलिकोसिस म्हणतात.

बांधकाम कामगार मंडळात नोंदणी करायची तर 90 दिवस कामाचा दाखला लागतो, आणि ठेकेदार सही टाळतोय. महापालिकेकडून असा दाखला कुणी काढलाय का? कुठल्या खात्यात जायचं, सोबत काय न्यायचं? सिलिकोसिसची नुकसानभरपाई कुणाला मिळाली असेल तर तेही सांगा. तो अजून कामावर जातोय, म्हणून घाई आहे.